बनसोडे सरांचे पाच ड्राफ्ट

आमच्या कंपनीत चार माणसं चहाला जमली की बनसोडे सरांचा विषय निघतोच. एकानं किस्सा सांगितला की दुसरा म्हणतो, "हे तर काहीच नाही," आणि सगळ्यांचा चहा गार होतो. कंपनी वाळूजला, गाड्यांचे पार्ट बनवणारी. सर तिथं क्वालिटीचे हेड. पण लोक सांगतात ते किस्से क्वालिटीचे नसतात, फुटबॉलचे असतात. म्हणजे फँटसी फुटबॉलचे. सर मूळचे देवगाव रंगारीचे, आणि त्यांनी उभ्या जन्मात फुटबॉलला पाय लावलेला नाही!

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या लीगमधले खरे खेळाडू निवडून आपण मोबाईलवर आपली टीम बनवायची. खऱ्या मॅचमध्ये त्यांनी गोल केला की पॉइंट आपल्याला. दर आठवड्याला त्यातल्या एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट दुप्पट. आम्ही आठ जण खेळतो. दर ऑगस्टला एका शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटली की कॅन्टीनमध्ये ड्राफ्ट होतो. सेफ्टी हेल्मेटात चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याचा जो नंबर निघेल त्या पाळीनं एकेक खेळाडू उचलायचा. एकानं उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही. भावाभावांत शेत वाटताना विहीर एकाच्याच वाट्याला जाते, तसंच हे.

वर्षाच्या शेवटी जो पहिला येतो त्याचं नाव कपावर कोरलं जातं. जो शेवटचा येतो त्यानं सगळ्यांना नान-खलिया, म्हणजे आमच्याकडचा नान आणि मटणाचा रस्सा, खाऊ घालायचा. नियम एचआरच्या स्वाती मॅडमच्या हातात. त्या आमच्या कमिशनर, आणि त्यांच्यापुढं मॅनेजरचंही चालत नाही.

सरांना एकच गोष्ट पाहिजे होती. रिटायर व्हायच्या आत एकदा त्या कपावर आपलं नाव.

* * *

पहिल्या वर्षी आठवा माणूस कमी पडत होता म्हणून आम्ही सरांना ओढलं. वाटलं, येतील आणि कुणालाही उचलतील. सर आले ते ऑडिटला आल्यासारखे, प्रत्येक खेळाडूची माहिती काढून.

पहिल्याच पाळीत त्यांनी असा एक डिफेंडर, म्हणजे गोल अडवणारा, उचलला की ज्याचं नाव आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या पाळीत तसलाच दुसरा. मी विचारलं, "सर, निवडताय कशावरून?"

"पिवळी कार्डं बघतोय," सर म्हणाले. "ज्याला एकबी कार्ड नाय, तो घ्यायचा. माणसाची वागणूक चांगली पायजे."

परिणाम व्हायचा तोच झाला. सरांची टीम अख्ख्या लीगमधली सगळ्यात सभ्य टीम. कुणाला धक्का नाही, कुणाच्या पायात पाय नाही, आणि गोल तर नाहीच नाही. सर दणदणीत शेवटचे आले. नान-खलिया वाढताना मात्र त्यांचा चेहरा फुललेला होता. "माझ्या एकाबी पोराला वर्षभरात रेफ्रीनं बाहेर काढलं नाय," ते म्हणाले. "तुमच्यापैकी कुणाला म्हणता येईल का असं?"

आम्ही पुढचा नान मोडला.

* * *

दुसऱ्या वर्षीच्या ड्राफ्टआधी कॅन्टीनच्या भिंतीवर एक तक्ता लागला. आमच्याकडं माल नापास झाला की 'का' हा प्रश्न पाच वेळा विचारायची पद्धत आहे. प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का', म्हणजे शेवटी खरं कारण हाती लागतं. सरांनी तीच पद्धत स्वतःच्या टीमला लावली होती.

शेवटचे का आलो? पॉइंट नाहीत. पॉइंट का नाहीत? गोल नाहीत. गोल का नाहीत? गोल करणारे घेतलेच नाहीत. का घेतले नाहीत? मॅच न बघता नुसतं रेकॉर्ड बघून निवडले. आणि नुसतं रेकॉर्ड का बघितलं? ह्याच्या पुढं सरांनी लाल पेनानं लिहिलं होतं, 'खरं कारण : बनसोडे.'

मी वीस-एक वर्षं मीटिंगा बघतोय. खरं कारण नेहमी सप्लायर असतो, नाहीतर ऑपरेटर, नाहीतर मग पाऊस. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं भिंतीवर लावणारा हेड मी पहिल्यांदाच बघितला, आणि खरं सांगतो, मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

त्या वर्षापासून सर आणि त्यांच्या मिसेस, आमच्या काकू, शनिवारी संध्याकाळी शेजारी बसून मॅच बघायला लागले. आणि सुधारणा म्हणून सरांनी काय केलं, तर सगळे स्ट्रायकरच, म्हणजे गोल मारणारेच, उचलले! मैदानात एका वेळी तिघंच चालतात, बाकीचे बाकावर बसून. स्वाती मॅडमनी नियम दाखवला, सर म्हणाले, "राहू द्या."

महिन्याभरानं कारण कळलं. आमचे स्ट्रायकर एकेक करून ढेपाळले आणि चांगले सगळे सरांकडं. इम्रान शेख, सिल्लोडचा, क्वालिटीतच सरांच्या हाताखाली. तो पहिला शरण गेला. "सर, एक तो देव ना. मेरी टीम बैठ गई."

"देतो की," सर म्हणाले. "बदल्यात दोन डिफेंडर आण. चांगले आण, मी तपासून घेईन."

सर त्या वर्षी पाचवे आले.

* * *

तिसऱ्या वर्षी सर शिकून आले ते दुखापतीचं. कुठल्या खेळाडूचा गुडघा कधी गेला, कुणाची मांडी किती वेळा ताणली, सगळं तोंडपाठ. ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता तो खेळाडू सरांच्या पाळीला शिल्लक होता. सगळ्यांनी माना पुढं काढल्या. सर म्हणाले, "ह्याची मांडी दोनदा गेलीय. नको."

माझी पाळी लगेच पुढची. मी त्याच्यावर अशी झडप घातली की समोरचा ग्लास सांडला.

सप्टेंबर संपायच्या आत तो लंगडत मैदानाबाहेर गेला आणि पार फेब्रुवारीत उगवला. सोमवारी मी सरांच्या केबिनमध्ये तोंड पाडून उभा. वाटलं, आता टोमणा येणार. सरांनी मला बसवलं, चहा मागवला.

"देशमुख," ते म्हणाले, "पोरगं लई गुणाचं आहे. तुझी निवड चुकीची नव्हती. तू फक्त लवकर खुश झालास."

मला त्या टोमण्याचं इतकं बरं वाटलं की काय सांगू. सर तिसरे आले.

* * *

चौथं वर्ष सरांचंच होतं. सगळं शिकलेलं त्यांनी एका जागी आणलं. धडधाकट, मेहनती, दर मॅचला पूर्ण वेळ पळणारे खेळाडू निवडले. त्यातले निम्मे-अर्धे आफ्रिकेतल्या देशांचे निघाले. डिसेंबरपर्यंत सर पहिल्या नंबरवर, आणि दुसरा नंबर म्हणजे मी, बराच मागं.

एक दिवस इम्रान अंग चोरत सरांच्या केबिनमध्ये गेला. मी तिथंच बसलो होतो.

"सर, वो आपके लोगां जनवरी में नहीं रहते."

"कुठं चालले?"

"उधर उनका टूर्नामेंट है. अपने मुल्क के वास्ते खेलने जाते. महिनाभर."

हे आम्हा बाकीच्यांना माहीत होतं. सरांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. सरांनी मोबाईलवर आपली टीम वरपासून खालपर्यंत बघितली. कप हातातून चाललेला त्यांना स्पष्ट दिसत असणार. मग म्हणाले, "जाऊ दे. देशानं बोलावलं तर गेलंच पायजे. माझ्याकडं सुट्टीचा अर्ज आला असता, तरी मी मंजूरच केला असता."

सर दुसरे आले. कपावर नाव माझं लागलं. सरांनी मला मिठी मारली, कप हातात घेतला आणि कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. जरा जास्तच वेळ फिरवला.

* * *

मागच्या ऑगस्टचा ड्राफ्ट सरांचा शेवटचा, कारण मे अखेर ते रिटायर होणार होते. सगळा उन्हाळा त्यांनी तयारी केली होती. कार्डं, मांड्या, गुडघे, कोण कधी कुठल्या देशाकडून खेळायला जाणार, सगळं. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "ह्यांनी ह्या वर्षी आंबेसुद्धा मॅच बघतच खाल्ले."

हेल्मेटात हात घातला आणि सरांच्या हाती एक नंबरची चिठ्ठी आली. टाळ्या पडल्या. आम्हाला सगळ्यांनाच आतून वाटत होतं की ह्या वेळी कप सरांचा व्हावा.

फक्त इम्रान आला नव्हता. त्याचे अब्बा दवाखान्यात होते, नेमकं त्याच दिवशी ऑपरेशन होतं. आदल्या दिवशी त्याचा मेसेज आला होता, 'इस साल मेरेकू छोड़ देव.' आमचा नियम असा की जो हजर नाही त्याला सगळ्यांचं झाल्यावर उरलेसुरले खेळाडू.

सर उठले आणि वॉटर कूलरजवळ इम्रान दरवर्षी बसतो त्या खुर्चीत जाऊन बसले.

"मॅडम, गैरहजर कोण?" त्यांनी विचारलं.

"इम्रान," स्वाती मॅडम म्हणाल्या.

"नाय. बनसोडे गैरहजर आहे. इम्रानच्या जागी मी बसलोय. पहिली पाळी त्याची."

मॅडमनी पहिल्यांदाच नियमाचं पान उघडलं नाही. सर शांतपणे एकेक खेळाडू उचलत गेले, उन्हाळाभर ठरवलेले, बरोबर तेच. टीम इम्रानच्या नावावर गेली. सरांना शेवटी उरले ते गेलं वर्ष बाकावर बसून काढलेले.

अब्बा बरे होऊन दसऱ्याच्या आत सिल्लोडला घरी गेले. इम्रान कामावर आला तो सरळ सरांच्या केबिनमध्ये. बाहेर आला तेव्हा डोळे लाल. मी विचारलं, "काय म्हणाले सर?"

"बोले, कॅप्टन हर हफ्ते सोच के बदलना."

* * *

मे महिन्यात इम्रानची टीम पहिली आली आणि सरांची शेवटची. त्यामुळं निरोप समारंभाचा नान-खलियाही सरांनीच दिला. त्याच दिवशी जेवणाआधी चार्ज देऊन झाला. सरांच्या जागी क्वालिटी हेड म्हणून इम्रान.

भाषणं संपली. इम्राननं पिशवीतून कप काढला आणि सरांच्या हातात दिला. त्यानं तो परस्पर गुलमंडीच्या बाजारात नेऊन कोरून आणला होता. सरांनी चष्मा लावला. ह्या वर्षाच्या जागी नाव होतं, बनसोडे.

काकूंनी पदर डोळ्याला लावला. सरांनी शर्टाच्या खिशातून लाल टॅग काढला. आमच्याकडं नापास मालाला लाल टॅग लागतो. सरांनी त्यावर लिहिलं, 'नाव चुकीचं. टीम इम्रान शेख यांची.' टॅग कपाच्या कानाला बांधला आणि कप इम्रानच्या पुढं सरकवला.

आता नापास झालेला माल पुढं सोडायचा तर आमच्याकडं एकच वाट आहे. क्वालिटी हेडनं त्याच टॅगवर 'खास मंजुरी' लिहून सही करायची. सरांनी सगळ्या नोकरीत तशी सही फार क्वचित केली.

इम्राननं सरांच्याच खिशातलं पेन काढून घेतलं. टॅगवर 'खास मंजुरी' लिहिलं, खाली सही केली आणि कप परत सरांच्या हातात ठेवला. त्या हेडच्या खुर्चीवरची ती त्याची पहिली सही.

सरांनी टॅग डोळ्यांजवळ नेला. सहीपर्यंत वाचला. मग इम्रानकडं बघून म्हणाले,

"सहीखाली तारीख टाकायची राहिली, साहेब."