मामाचा मान

अख्ख्या इंदापूर तालुक्यात नाचाचा खरा भुकेला माणूस एकच होता, तो म्हणजे माझा मामा. आणि तो जन्मात कधी नाचला नाही. त्याची पिठाची गिरणी होती. पट्ट्याचा जोड फिरून आला की टक् वाजायचं आणि त्या टक् वर मामाची मान हलायची. गोव्यात हॉटेलात कामाला असलेला त्याचा एक दोस्त परदेशी पाहुण्यांच्या कॅसेटी उतरवून धाडायचा. त्यांत शब्द नसायचे, गाणारं कुणी नसायचं, नुसता मशीनचा ताल. एकदा तो ऐकला आणि मामा कामातून गेला.

तेव्हापासून दळण आणणाऱ्या बाईला पिठाआधी व्याख्यान मिळू लागलं. ‘शिकागोची गरीब काळी पोरं, काकी. कुणी इचारत न्हवतं असली जुनी मशिनं घेतली आन् त्यातनं ताल काढला. त्यो हाऊस!’ मग मोटारींच्या कारखान्यांचं डेट्रॉइट आणि तिथला टेक्नो. काकींना समजावं म्हणून त्याने धान्यांची सोय केली होती. हाऊस म्हणजे ज्वारी, रोज खाल्ली तरी कंटाळा नाही. टेक्नो म्हणजे बाजरी, अंगात ऊब धरणारी. ट्रान्स हा बारीक दळलेला गहू, आणि ताल तोडून सैरावैरा धावणारं, ‘जंगल’ नावाचं संगीत म्हणजे भाजणी. ‘व्हय रं बाबा, पर माझी ज्वारी लई जाड काढलीस,’ काकी म्हणायच्या. ती खरंच जाड असायची.

पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. ‘ह्ये गावानं मिळून नाचायचं आस्तंय गं. आन् मी हितं पिठात एकटा हुबा,’ तो म्हणायचा. पापण्यांवरच्या पिठाने तो अवेळी म्हातारा दिसायचा. मला त्याची फार माया यायची.

माझं लग्न सांगवीत ठरलं, तेव्हा बैठकीत भाचीला बोहल्यावर आणणाऱ्या मामाच्या मानाचा विषय निघाला. मामाने फेटा नाकारला, पोशाख नाकारला. ‘वरातीत माझी एक कॅसेट लावा. ह्योच माझा मान.’ सगळे हसले. पण मान तो मान. सासऱ्यांनी शब्द दिला.

वरात मारुतीच्या देवळापाशी आली आणि ट्रॉलीवरच्या स्पीकरच्या बॉक्समधून ताल सुरू झाला. गुलाल उधळणारी मंडळी जागच्या जागी थांबली. हात वर, कंबर तयार, आणि सगळे गाणं सुरू व्हायची वाट बघत उभे! ‘गाणं कवा लागायचं?’ कुणीतरी ओरडलं. मशीन अडकलं असं समजून सासऱ्यांनी त्याच्यावर थाप मारली. ‘ह्येच गाणं हाय, नाचा की!’ मामा एकेकाला विनवत होता. मी मुंडावळ्या बांधून जीपमध्ये. नव्या नवरीला उतरायची सोय नव्हती. अखेर कॅसेट बदलली आणि वरात नाचू लागली. मामा ट्रॉलीला टेकून आपली कॅसेट शर्टाने पुसत राहिला.

नव्वदचं दशक संपता संपता गावोगाव डीजे आले. त्याच सुमाराला मामाचे कान गेले. मामी म्हणायची हेडफोनने, मामा म्हणायचा वयाने. माझ्या धाकट्या दिराच्या वरातीला तो आला होता. त्याच देवळापाशी डीजेने नुसता ताल सोडला आणि या वेळी कुणी कशाचीच वाट पाहिली नाही. म्हातारीकोतारीही नाचत सुटली. मामाने बॉक्सवर तळहात टेकला, थोडा वेळ डोळे मिटले आणि मला खुणेने बोलावलं.

‘ह्याला शब्द हायेत का गं?’

मी मान हलवून नाही म्हटलं. त्याला खरं वाटेना, त्याने पुन्हा विचारलं. मग मी पदर खोचला आणि सासऱ्यांच्या देखत, भर रस्त्यात त्याच्यासमोर नाचायला लागले. बॉक्सवरची त्याची बोटं माझ्या पायांबरोबर हलत होती. तो रडत होता आणि हसतही होता.

मामाला जाऊन बरीच वर्षं झाली. दारावरून वरात गेली की मी अजून अंगणात येऊन कान देते, आणि शब्द नसले की पदर खोचते.