मोडक्या सुईचं टोक

घरात काचेचा पेला फुटला, तर तुमच्या तोंडून आधी काय निघतं: "कुणाला लागलं का?" की "कुणी फोडला?" खरं बोला. इथे तुमची सासू ऐकत नाहीये.

झाशीतल्या सिंधूच्या तोंडून एके दुपारी दुसरा प्रश्न आधी निघाला.

सिंधू मूळची भुसावळची. नवरा दिवाकर रेल्वेत, म्हणून बिऱ्हाड झाशीत, सीपरी बाजारात. लक्ष्मी गेटच्या गल्ल्यांत बायका ठेकेदारासाठी कापडी खेळणी शिवायच्या, ते ती येता-जाता बघायची. सुई मोडली की ठेकेदार मजुरी कापायचा, वर आईवरून शिवी. म्हणून प्रत्येकीच्या कमरेच्या बटव्यात स्वतःची एक सुई लपवलेली असायची. मोडली की गुपचूप बदलायची आणि तोंड शिवून घ्यायचं.

ब्लँकेटं वाटून फोटो काढणाऱ्यांवर सिंधूचा भारी राग. "ब्लँकेट फाटतं, फोटो राहतो, आणि बाई तिथल्या तिथंच," म्हणायची. तिने लक्ष्मी गेटच्या आत एक खोली भाड्याने घेतली, बायकांना मशिनींसकट गोळा केलं आणि धंदा मांडला. शिवणारीच मालकीण. भाव त्याच ठरवणार, नफाही त्याच वाटून घेणार. नियम एकच, पण कडक: सुई मोडली तर सगळे तुकडे शोधून चिकटपट्टीवर जुळवायचे, मगच नवी सुई. आपलं खेळणं लेकरं तोंडात घालतात, बायांनो.

त्या दिवशी सकाळीच खंडेराव गेटजवळच्या बालवाडीत हत्ती पोचते केले होते. पहिलं मोठं काम. दुपारी चिंध्या झाडताना सिंधूच्या हाताला सुईचं बूड लागलं. जाड बाजू होती. टोक नव्हतं.

"किसने तोड़ी?" ती कडाडली.

मशिनी थांबल्या. सगळ्यांच्या माना खाली. गेंदाबाईची तर गुडघ्याला टेकली. त्या खाली गेलेल्या माना सिंधूने पूर्वी पाहिल्या होत्या, ठेकेदाराच्या दारात. पण विचार करायला वेळ कुठला? जमिनीवरच्या टाचण्या वेचायचं लोहचुंबक तिने उचललं आणि रिक्षात उडी टाकली.

रिक्षा गर्दीत अडकत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ते टोक नाचत होतं. तांदळाच्या कणीएवढं. कापसात बसलेलं. कुणाच्या गालाशी, कुणाच्या जिभेशी. "भैया, जल्दी!"

बालवाडीच्या दारात बाई उभी होती, रेवा. तीही रेल्वेतल्याच मराठी घरातली, झाशीत जन्मलेली. "काकू, धीरे! बच्चे अभी सोए हैं. नवीन हत्ती सोडतच नाहीत कुणी."

सतरंजीवर पोरं ओळीने झोपली होती, प्रत्येकाच्या कुशीत हत्ती. एकाने सोंडेत नाक खुपसलेलं. सिंधू गुडघ्यांवर सरकत एकेकाच्या मिठीतून हत्ती सोडवायला लागली. चुंबक फिरवायचं, हत्ती परत ठेवायचा. काही नाही. पुढचा. काही नाही. एक पोरगं झोपेत कण्हलं, तिने हात आवरला, मग पुन्हा चुंबक फिरवलं. शेवटच्या हत्तीवरही चुंबक गप्पच. म्हणजे सुटलो? की चुंबकच कमजोर?

तेवढ्यात दारात गेंदाबाई आली. अनवाणी, पदर खांद्यावरून घसरलेला, धापा टाकत.

"जिज्जी! नीलो हाथी! ओई के कान में टूटी हती!"

सुई निळ्या हत्तीच्या कानात मोडली होती. आणि ओळीत निळा हत्ती नव्हता.

"निळा स्वरालीकडे आहे," रेवा म्हणाली आणि पांढरी पडली. "ती झोपतच नाही..."

स्वराली माठामागे बसली होती. निळ्या हत्तीचा कान तोंडात, मजेत चघळत होती.

सिंधूच्या ओठांवर किंचाळी आली होती. ती तिने गिळली. दचकून पोरीने कान दाताखाली दाबला असता तर? ती हळूच खाली बसली. "बघू गं, तुझ्या हत्तीला ताप आलाय का?"

पोरीने विचार केला. मग ओला कान तोंडातून काढून पुढे केला. "इसको सुई मत लगाना," तिने बजावलं.

चुंबक कानाला लावलं. टक्. कापडातून चकाकतं टोक बाहेर डोकावलं.

सिंधू भिंतीला टेकली. गेंदाबाई तिच्या पायांशी कोसळली. "हमाई मजूरी काट लो जिज्जी, पै मसीन से न उठाओ."

मशीनवरून उठवणार कोण? गेंदाबाईही मालकीणच होती हो, त्या खोलीची! तरी मोडली की गुपचूप बदलायला तिच्या बटव्यात सुई होतीच. ठेकेदार गेला, त्याची भीती गेली नव्हती. आणि आज सिंधूनेच कडाडून ती भीती पुन्हा जागी केली होती. सिंधूने तिचा हात धरला. बोटाला चिंधी गुंडाळलेली, रक्ताने कडक झालेली.

"उँगली में बहुत लगी क्या?" तिने विचारलं. जे आधी विचारायचं होतं ते.

गेंदाबाई हमसून रडली.

आता खोलीच्या दाराशी एक डबी टांगली आहे. बायकांनी आपापल्या लपवलेल्या सुया त्यात टाकल्या. सगळ्यांनी टाकल्या का? सिंधूला माहीत नाही. माल बाहेर जाताना ती आजही प्रत्येक खेळण्यावर चुंबक फिरवते.

तेव्हा एक काम करा. पुढच्या वेळी गरीब बायकांच्या हातचं काही विकत घेऊन पुण्य केल्यासारखं वाटेल ना, तेव्हा दोन मिनिटं थांबा आणि शिवणाऱ्या बाईलाच विचारा: "बाई, तुमच्याकडे सुई मोडली तर काय होतं?" ती उत्तर देण्याआधी मालकाच्या तोंडाकडे बघते का, तेवढं नीट बघा.