तात्यांच्या काचेखालची चिठ्ठी

गळीत हंगामाच्या पहिल्या सकाळी बुद्धघोष जळोचीहून एस.टी.नं कामावर निघाला. साल सत्त्याण्णव. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. मागल्या हंगामात कुणीतरी हेडक्लार्क सर्जेराव तात्यांच्या नावानं कॉम्प्युटरात शिरलं आणि एका शेतकऱ्याच्या उसाची तोडणीची तारीख पंधरा दिवस अलीकडं ओढली. पासवर्डची यादी उघडी आणि ती बघणारा हा एकटा. झालं, त्याच्याच नावावर बिल फाटलं. साहेबांनी बजावलं, "यंदा काही झालं तर दुसरीकडं बघा."

म्हणून त्यानं उन्हाळाभर डोकं खपवून नवी सोय केली. टाकलेला पासवर्डचा शब्द कॉम्प्युटरनं दळायचा आणि यादीत नुसतं पीठ ठेवायचं. पुन्हा टाकला की पुन्हा दळायचा, पीठ जुळलं तरच आत घ्यायचं. पिठावरून दाणा काही कळत नाही, खुद्द बुद्धघोषलाही नाही. खंडेनवमीला कॉम्प्युटरची पूजा झाली आणि लगेच सगळ्यांनी नवे शब्द टाकले.

आज सोय चालू झाली. तात्यांनी तीनदा शब्द टाकला, तीनदा नकार. बाहेर तोडणीच्या यादीसाठी माणसं खोळंबलेली, आणि साहेब नेमके दारात.

"सांग की माझा शब्द," तात्या म्हणाले.

"मला दिसत न्हाय आता, तात्या."

"म्हंजी कुणालाच दिसंना? का तुला एकट्यालाच दिसतंय?"

बुद्धघोष कात्रीत सापडला. सांगता आलं तर चोर, नाही आलं तर बिनकामाचा.

"माझी चूक न्हाय," म्हणत तात्यांनी ताठ्यात टेबलाची काच उचलली आणि चिठ्ठी पुढं केली. "हे बघ, जसंच्या तसं टाकलंय."

चिठ्ठी घेताना बुद्धघोषला तात्यांच्या कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या बारक्या दिव्यावर वाळलेलं कुंकू दिसलं. पूजेचा टिळा तात्यांनी नेमका तिथंच लावलेला. मोठ्या इंग्रजी अक्षरांचं बटण त्या दिवशी चालू राहिलं, त्याचा दिवा कुणालाच दिसला नाही आणि शब्द मोठ्या अक्षरांत दळला गेला. त्यानं ते बटण दाबलं, तात्यांचा शब्द टाकला. उघडलं.

त्यानं चिठ्ठी तात्यांना परत दिली. मग काचेखाली राहिलेल्या दुसऱ्या, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीकडं त्याचं लक्ष गेलं.

"ही मागल्या सालची का, तात्या?"

"व्हय. घरी ठिवली की सापडत न्हाय. हितं कशी डोळ्यासमोर ऱ्हाती."

एवढं बोलून तात्यांनी घाईघाईनं काच खाली ठेवली. साहेब आत आले, टेबलाजवळ वाकले आणि काचेवरून, कुणालाही वाचता यावा असा, मागल्या हंगामातला तात्यांचा शब्द त्यांनी सावकाश वाचला.