शेरा : समाधानकारक

सुदामतात्यांचा ऑक्सिजनचा सिलिंडर भरून घ्यायला मी बारामतीत रांगेत उभा होतो, तेव्हा त्यांच्या घरून कमलवहिनींचा फोन आला. "मास्तर, आता नका भरू," एवढंच म्हणाल्या. तरी मी रांग सोडली नाही. नंबर आल्यावर सिलिंडर भरून घेतला आणि गावी सणसरला घेऊन आलो... तात्यांना जाऊन आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे. मला मात्र आधी माझी चूक सांगायची आहे.

तात्या पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्तीनंतर त्यांच्या ओसरीवर सकाळपासून माणसं बसलेली असत. कुणाचं रेशनकार्ड, कुणाची विधवा पेन्शन. तात्या अर्ज लिहून द्यायचे आणि बदल्यात चहासुद्धा घ्यायचे नाहीत. "आमच्या बापानं धम्माची दीक्षा घेतली तवाच सांगितलं हुतं," ते म्हणायचे, "साहेबापुढं हात जोडायचं न्हाईत. इस्त्रीची कापडं घालायची आन लिहून मागायचं." मी आयुष्यभर शाळेत निबंध शिकवले, पण त्यांच्या अर्जातला एक शब्दही मला कधी खोडता आला नाही. प्रयत्न पुष्कळ केला, हेही खरं.

मग त्यांची फुप्फुसं सुकत चालली. दवाखान्यात असेपर्यंत सरकारी आरोग्य योजनेतून ऑक्सिजन मिळायचा. घरी सोडलं की बंद. डॉक्टर म्हणाले, घरी रोज सोळा तास मशीन लावा. मशीन भाड्याचं, वर विजेचं बिल, म्हणून तात्या आठच तास लावायचे. "श्वास बी आता पाळीनं घ्यायचा, पाटाच्या पाण्यावानी," म्हणून हसायचे, आणि त्या हसण्यानंच धाप लागायची. मला ते बघवत नसे.

घरचा ऑक्सिजनही योजनेत बसवावा, यासाठी त्यांनी अर्ज सुरू केले. प्रत्येकात "माझ्यासारखे रुग्ण" असंच लिहायचे, एकट्या स्वतःसाठी कधी मागितलं नाही. दोन वर्षांनी समितीपुढं तपासणीचं बोलावणं आलं. तात्यांची शिफारस झाली असती, तर निदान आपल्या तालुक्यात घरी मशीन देऊन बघणार होते.

त्या दिवशी तात्यांनी पांढराशुभ्र शर्ट घातला. गाडीत सिलिंडर ठेवला होता, त्याची नाकातली नळी बसताना काढायला लागले. "साहेबापुढं लई आजारी दिसतुया मी हिच्यात." मी रागावलो. "धाप लागेल, राहू द्या ती," म्हणालो. नळी राहिली. समितीपुढं ते ताठ बसले, एकेक मुद्दा सावकाश मांडला. मला त्यांचा अभिमान वाटला. तिथल्या मुलीनं बोटाला चिमटा लावला, आकडा आला पंच्याण्णव. साहेबांनी शेरा लिहिला : प्राणवायूची पातळी समाधानकारक, घरी ऑक्सिजनची आवश्यकता नाही.

नळी काढून मोजायचं असतं, नाहीतर आकडा चांगलाच येतो, हे आठवड्यानं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. नळी समितीच्या डोळ्यांसमोर होती; पण त्यांना आकडा बघायचा होता. फेरतपासणीच्या अर्जाला उत्तर आलं नाही. पुढं भाडं झेपेना म्हणून मशीनही परत गेलं आणि अडीनडीला सिलिंडर तेवढा राहिला. मी माफी मागितली तर तात्या म्हणाले, "म्हंजी त्येंच्यापुढं गुदमरून दाखवायला पायजे हुतं व्हय, मास्तर?"

समिती अजून बसते. ओसरीवर माणसंही अजून येतात, कमलवहिनी त्यांना माझ्यासाठी थांबवून ठेवतात. तात्यांच्या खुर्चीत बसून आता मी लिहितो. गेल्या आठवड्यात कन्हेरीची एक बाई आली, नवरा घरी ऑक्सिजनवर. अर्ज लिहून झाल्यावर मी तिला म्हणालो, "आत जायच्या आधी पाव तास त्यांची नळी काढा. धाप लागली, तरी लावू नका. आकडा खाली आला पाहिजे."

बाईनं अर्ज हातात घेतला नाही.

"आन तेवढ्यात त्येंचं काय बरंवाईट झालं तर?"

मी अर्ज तिच्यापुढं सरकवला आणि सही कुठं करायची ते दाखवलं.