पवळीचा धसका

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात माणसं दोनच. एक वनमाला ओव्हाळ मॅडम आणि दुसरा मी, शहादेव. सरकारी भाषेत त्या पशुधन पर्यवेक्षक आणि मी मलमपट्टी करणारा ड्रेसर. गावाच्या भाषेत आम्ही दोघंही डॉक्टरच, फक्त त्या डोक्याच्या आणि मी हातापायाचा. मोठे डॉक्टर तालुक्याला बसतात. रोजचं लसीकरण, कानातले बिल्ले, अडलेली गाय, फुगलेली शेळी, सगळं मॅडमच्या अंगावर.

मॅडम दिंद्रुडच्या. नऊ वर्षांपूर्वी बदलून आल्या तेव्हा आधी आडनाव विचारून मग जनावर दाखवणारे महाभाग होते. मॅडम आडनाव ठणठणीत सांगायच्या आणि लगेच वही उघडायच्या, "आता तुमच्या म्हशीचं सांगा. काल काय खाल्लं, किती खाल्लं, पाणी कितीदा प्यायली?" समोरचा गडबडून जायचा. म्हैस काय खाते हे त्याला नीट माहीत नसायचं, ते त्याच्या बायकोला माहीत असायचं. मग बायकोला बाहेर बोलवावं लागायचं. असं करत करत मॅडमची ओळख आधी गावातल्या बायकांशी झाली.

गोठ्यात शिरल्या की आधी गव्हाण बघणार, मग शेण, आणि सगळ्यात शेवटी जनावर. खनिज मिश्रणावर त्यांचा एवढा जीव की पोरं मागून त्यांना मीठवाल्या मॅडम म्हणतात. आमच्या भागातली निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात. तिकडं बैलांना पाच महिने उसाच्या हिरव्या शेंड्यांवर, म्हणजे वाढ्यावर काढावे लागतात. नुसत्या वाढ्यानं अंगातलं कॅल्शियम जातं, म्हणून बैलगाडी नेणाऱ्या प्रत्येकाला मॅडम पुडी देणार आणि पुडीबरोबर अर्धा तास भाषण. पुड्या मी बांधायचो. भाषणाच्या वेळी मी बाहेर तंबाखू मळायचो.

मला तेवढा धीर नाही. तीस वर्षं जनावरं आवळून धरली, मला नुसतं बघून कळतं, असा माझा समज होता. बघायलाही लागत नाही, ऐकूनच कळतं, इथपर्यंत तो गेला होता. त्याच समजापायी मी यंदा दिवाळीनंतर एका बाईला मरायच्या वाटेला लावलं होतं.

झालं असं. मॅडम वाड्यावस्त्यांवर लसीकरणाला गेल्या होत्या आणि दवाखान्यात मी एकटा. पारूबाई आल्या. त्यांचा मुलगा बाळू आणि सून वनिता दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीच्या ट्रकमधून निघणार होते. वनिताची गाय होती पवळी. लग्नात माहेरानं आंदण दिलेली कालवड, तिची गाय झाली, आता गाभण होती.

"भाऊ, दोन दिस झालं गाय खाईना," पारूबाई म्हणाल्या. "सारखी हंबरती. गली म्हनती धसका घेतलाय तिनं. वनिता चाललीय ते तिला कळालंय."

मला ते ऐकून बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं. माणसं माणसांना विचारत नाहीत आणि एक गाय सुनेसाठी अन्न सोडते, हा विचारच मला गोड वाटला. मी भूक लागायची पावडर दिली आणि वर शहाणपणही दिलं.

"धसकाच हाय. वनिताला म्हनावं, निगताना आपल्या हातानं घास दे. तिच्या हातचं खाईल."

गाय बघायला मी गेलो नाही. चार घरं ओलांडायची होती फक्त.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मॅडम दवाखान्यात होत्या तेव्हा पारूबाई पुन्हा आल्या. ट्रक नुकताच गेला होता. गाईचा घसा बसलाय, आवाज फाटलाय, तोंडातून लाळ थांबेना, असं त्या सांगू लागल्या. मॅडमनी वही बंद केली आणि चपला घातल्या. वही न भरता उठताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

पवळी गोठ्यात मान लांब करून उभी होती. हंबरत होती, पण तो हंबरडा नव्हता, कुणी पत्रा ओढत नेल्यासारखा आवाज होता. मागचे पाय डुलत होते. मी नेहमीच्या सवयीनं पुढं झालो. घशात काहीतरी अडकलं असणार, कणीस नाहीतर आंब्याची कोय, हात घालून काढलं की झालं. बाही वर केली आणि जबडा धरायला हात नेला.

"शहादेवराव, हात मागं!"

मॅडम माझ्यावर नऊ वर्षांत कधी ओरडल्या नव्हत्या. मी जागीच थांबलो.

त्यांनी पारूबाईंना टोपल्यात थोडी ओली सरकी पेंड आणायला लावली आणि ते टोपलं काठीनं गाईपुढं सरकवलं. पवळीनं लगेच तोंड घातलं. चघळली. आणि सगळं लाळेबरोबर खाली पडलं. पुन्हा तोंड घातलं, पुन्हा पडलं. पाण्याच्या बादलीत नाक बुडवलं, पाणी तसंच बाहेर आलं.

"बघितलं?" मॅडम हळूच म्हणाल्या. "ज्याला खायचं नसतं ते जनावर तोंड फिरवतं. हिला खायचंय. गिळता येईना."

मग त्या पारूबाईंकडे वळल्या. "कुत्रं आलं होतं का गोठ्यात? महिना, दोन महिने झाले असतील तरी आठवून सांगा."

पारूबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोळ्याच्या नंतर एक आलतं. नाकाला जरा लागलं होतं. हळद लावली, दोन दिसांत बरं झालं. म्हनून कुनाला सांगितलं न्हाई."

गाय पिसाळली होती. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की जनावर काय आणि माणूस काय, औषध नाही. पण लक्षणं दिसायच्या आधी सुया घेतल्या तर माणूस वाचतो. आणि रोग लागतो तो जनावराची लाळ आणि माणसाची उघडी जखम यांची गाठ पडली की.

"तोंडात हात कुणी घातला होता?" मॅडमनी विचारलं.

"वनितानं. निगताना पुरनाचा घास दिला. गिळंना म्हनून बोटानं पार आत लोटला. भाऊंनी सांगितलं होतं ना हातानं भरव म्हनून."

"तिच्या हाताला काही लागलेलं होतं?"

"परवा कोयत्याला धार लावताना अंगठा कापलाय की. चांगला खोल."

मी मॅडमकडे बघितलं नाही. गोठ्याच्या दाराकडे बघत राहिलो.

बाळूचा फोन बंद. वनिताकडे फोनच नाही. मॅडमनी टोळीच्या मुकादमाला, बजरंगला, फोन लावला. त्यानं उचलला, मागं ट्रकचा आवाज होता. मॅडमनी विचारलं, कुठं थांबणार? तो म्हणाला मांजरसुंब्याला चहाला. कशाला, हे ऐकल्यावर म्हणाला, "कारखान्यावर गेल्यावर बघू," आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलेना.

कारखान्यावर गेल्यावर कोण बघतं हे आम्हाला ठाऊक होतं. टोळी आज एका फडात, उद्या दुसऱ्या. अंगठ्याची जखम चार दिवसांत भरून येते आणि भरल्या जखमेसाठी दवाखान्यात कुणी जात नाही. मग महिन्यानं, तीन महिन्यांनी कधीतरी त्या बाईला पाणी बघून भीती वाटायला लागली असती आणि सगळं संपलं असतं. तो ट्रक मांजरसुंब्याच्या पुढं जाता कामा नये.

मॅडमनी पारूबाईंना गोठ्याला कडी लावायला सांगितली, हात साबणानं घासून धुवायला लावले, तुम्हालाही सुया घ्याव्या लागतील म्हणून बजावलं, आणि माझ्या मोटारसायकलवर मागं बसल्या.

मी गाडी पिटाळली. नेकनूरच्या अलीकडे ऊस तोडायला निघालेला एक ट्रक दिसला, पण तो दुसऱ्या गावचा. वाटेत एकदा मला राहवेना.

"मॅडम, घास भरवायला मीच सांगितलं होतं. गाय न बघता."



"समोर बघून चालवा," त्या म्हणाल्या.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मांजरसुंब्याच्या एका ढाब्यापुढं ट्रक उभा होता. वर पत्रे, गाठोडी, चुलीची भांडी, दोन शेळ्या आणि माणसं. चहा झाला होता, ड्रायव्हर चढत होता. मॅडम धावत जाऊन ट्रकच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. बजरंग खाली उतरला.

"मॅडम, तुमी जनावराच्या डॉक्टर. मानसाचं कावून बोलता?"

"जनावराकडूनच आलंय, म्हणून. वनिताला खाली उतरवा. आजच्या आज सुई लागते, जखमेत सीरम लागतं. नंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी."

"म्हंजी महिनाभर अर्धा कोयता घरी?" तोडणीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. "मी तिकडं काय तोंड दाखवू? येक बाई उतरली की दहा उतरत्यात."

"आजची झाली की पुढच्या सुया तिकडच्या सरकारी दवाखान्यात मिळतात. कागद देते. पण आजची इथं. नाही घेतली तर बाई मरेल, बजरंगराव. कदाचित नाही, मरेल असंच धरा. आणि तुम्ही तिला नेलंत हे मी लिहून ठेवीन."

बजरंग मागं सरला, पण वनिताच उतरेना. ट्रकच्या फाळक्याला धरून बसली होती, अंगठ्याला लुगड्याची चिंधी.

"माझी पवळी पिसाळली न्हाई," ती वरून म्हणाली. "तिला मी नगं जाऊ वाटत होतं. डोळ्यातून पानी गळत होतं तिच्या. तुमाला काय ठाव? माझ्या मागं माहेरचं तेवढं येकच जित्राब हाय. तिला पिसाळली म्हनता?"

बाळू शेजारी खाली मान घालून बसलेला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मॅडमनी तिला कुत्र्याचं सांगितलं, लाळेचं सांगितलं, सगळं नीट सांगितलं. ती ऐकेना. शेवटी तिनं माझ्याकडे बोट केलं.

"शहादेव भाऊंनी सांगितलंय धसका हाय म्हनून. तीस वर्सं झाली त्यांला. इचारा की त्यांला."

सगळा ट्रक माझ्याकडे बघायला लागला. आमच्या गावची माणसं, कुणाच्या बैलाला मी टाके घातलेले, कुणाच्या शेळीची वेण सोडवलेली. तीस वर्षांत कमावलेलं जे काही होतं ते सगळं त्या ट्रकमध्ये बसलं होतं.

"वनिता, मी गाय बघितली न्हवती," मी म्हणालो. "खोटं बोललो. दवाखान्यात बसून सांगितलं. आज बघितली. ती पिसाळलीय. मी चुकलो, माय. उतर खाली."

वनिता माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं बाळूच्या हातात आपलं गाठोडं दिलं आणि चाकावर पाय ठेवून उतरली. बाळूही उठला, तर बजरंगनं खालूनच हात केला, "तू बस बे." तो बसला.

ढाब्याच्या नळाखाली मॅडमनी हातमोजे घालून तिची चिंधी सोडली आणि साबण लावून अंगठा धुवायला घेतला. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पाचव्या मिनिटाला ट्रक सुरू झाला. वनितानं मान वळवली, मॅडमनी तिचा हात सोडला नाही. ट्रक वळण घेऊन दिसेनासा झाला तरी पाणी चालूच होतं. उद्या एसटीनं तिला बाळूकडे धाडायचं मॅडमनी बजरंगला कबूल केलं होतं.

तिला मधे बसवून आम्ही तिघं मोटारसायकलवर मागं नेकनूरला सरकारी दवाखान्यात आलो. दंडावर पहिली सुई झाली. मग अंगठ्याच्या जखमेभोवती सीरमच्या सुया. धडधाकट गड्याच्याही डोळ्यांत पाणी येतं तिथं. वनिता भिंतीकडे बघत होती.

बाहेर बाकावर बसलो तेव्हा तिनं मॅडमना विचारलं, "किती दिस हाय ती?"

"दोन. फार तर तीन."

"औशद?"

"नाही."

ती अंगठ्यावरची पट्टी बघत होती. मला वाटलं रडेल.

"मॅडम, मी घास दिला तवा तिला भूक होती का?"

मी मॅडमकडे बघितलं. मनात म्हटलं, नाही म्हणा. नव्हती म्हणा, बाई जन्मभर सुखानं झोपेल. पण जनावरानं काय खाल्लं आणि काय नाही याबद्दल वनमाला मॅडम कधी खोटं बोललेल्या नाहीत.

"होती," त्या म्हणाल्या. "खूप भूक होती. तुझ्या हातचा घास तिला हवाच होता. गिळता आला नाही फक्त."

मग वनिता रडली. मॅडमनी तिला जवळ घेतलं आणि त्याही रडल्या. मी उठून गाडीजवळ गेलो, कारण मला तिथं बसायचा हक्क नव्हता.