हळदीच्या दिवशीचा कूलर
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला की जळगावातली ती काचेची केबिन आठवते. लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग करणाऱ्या दुकानात मी कामाला होतो. मिक्सिंगच्या कॉम्प्युटरला महागडा प्रोसेसर परवडत नाही तर स्वस्तातले दोन एकाच बोर्डावर चालवू, असं मीच शेठला पटवलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी, शब्द खाली पडू देणार नव्हतो. मशीन चाललंही, पण मे महिन्यात दोघे इतके तापायचे की डबा उघडा ठेवून कूलरचं तोंड त्यांच्याकडे करायचं आणि बादलीने कूलरमध्ये पाणी ओतत बसायचं. तरी ते मधेच अडकायचं, आणि अडकलेलं मशीन मलाच उठवता यायचं. धुळ्याकडच्या आमच्या गावी बहिणीची हळद होती त्या दुपारी मोठे काका, आमचे नाना, मला न्यायला आले. शेठ म्हणाले, "जोडी तू जुंपलीस, आता सोडून कुठे निघालास? सकाळी पार्टी कॅसेट न्यायला येईल." काकांनी बादलीकडे पाहिलं. "इतलं शिकीसन पानीच भरी ऱ्हायना का, भाऊ? चाल, बठ्ठा वाट देखी ऱ्हायनात." मी म्हणालो, "नाना, सगळे वाट पाहत असतील, पण हे माझ्याशिवाय कोणाला जमत नाही." खरंच होतं ते, आणि मी ते ताठ मानेने म्हणालो. काका एकटेच एस.टी. स्टँडकडे गेले. पुढे बहिणीच्या लग्नाची कॅसेटही त्याच मशीनवर मीच मिक्स केली. आज ती लावली की हळदीत सगळे दिसतात. मी दिसतो तो शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर, ‘मिक्सिंग’ या शब्दापुढे.