सर्जेरावांची अर्धी भाकरी

दुपारचे अडीच वाजलेत. शालन स्वयंपाकघराच्या दारातच चटई टाकून आडवी झालीय, पण डोळा कसला लागतोय! डोकं नुसतं भणभणतंय. पाटीत दोन भाकरी झाकून ठेवल्यात, एक तिची, एक लेकाची, आणि दोन्ही तशाच पडल्यात.

सकाळी सुहासच्या स्कूटरच्या डिकीत तिला बुर्जीपावाचा तेलकट कागद सापडला. मग काय, तिनं सारी आळी गोळा केली. “बापाच्या वाटेनं जायचंय का रं तुला? बायको बाळंतपणाला माहेरी गेली नाही तोवर तुझे हे धंदे सुरू!” सुहासनं हेल्मेट घातलं, आणि एवढंच म्हणाला, “आजपासनं मी घरी जेवणार नाही, आई.”

आता तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? नवरा सर्जेराव एसटी डेपोत कंट्रोलर. “सगळं खावं, पण बेतानं खावं,” हे त्याचं पालुपद. रोज रात्री ताटातली अर्धी भाकरी मोडून पाटीत परत ठेवायचा. शालन गल्लीभर त्याचं उदाहरण द्यायची. आणि तोच माणूस सत्तावन्नाव्या वर्षी झटक्यानं गेला! म्हणजे बेतानं खाण्याला काही अर्थ नाही, हे तिनं त्याच दिवशी ठरवून टाकलं. दूध बंद, अंडी बंद, मटण बंद. डाळी, उसळी, पालेभाज्या, बास. खोटं कशाला बोला, तिची शुगर उतरली, गुडघेही जरा हलके झाले. लेकाला मात्र ते पटेना.

पंखा घरघरतोय. ती घरघर हळूहळू डेपोतल्या भोंग्यासारखी वाटायला लागते. शालन कूस बदलते, तर समोर पाटावर सर्जेराव बसलाय. अंगात खाकी सदरा, हातात बशी.

“हा चहा आहे का भांडी विसळल्यालं पाणी?” तो विचारतो.

“सोयाबीनच्या दुधाचा आहे. प्या गुमान.”

माणूस मेलेला आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. पण दोन वर्षांचा साठलेला राग, तो थांबतोय होय?

“तुमच्या बेतानं खाण्यानं काय दिवे लावले हो? सोडून गेला ना मला मध्येच?”

“पोराला खाऊ दे की थोडं थोडं.”

“वर जाऊनसुद्धा तेच! जीभ झडली नाही तुमची अजून.”

ती रागारागानं पीठ काढायला डबा उघडते, तर आत पीठच नाही. आत डेपोचं कॅन्टीन आहे. ती त्यात उभी आहे, ओट्याच्या जागी लांबलचक बाकडं आहे, आणि बाकड्यावर बसून सर्जेराव भजी हाणतोय. शेजारी तांबड्या रश्श्याच्या तीन वाट्या पुसून ठेवलेल्या.

“अहो, हे काय?”

“ड्यूटी सुटली की दोन प्लेट भजी,” तो बोटं चाटत सांगतो. “बुधवारी रस्सा. मग घरी भूक कुठनं राहणार? म्हणून अर्धी भाकरी.”

शालनच्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. “म्हणजे मी गल्लीभर तुमचं कौतुक सांगत हिंडले, ते सगळं खोटं? तीस वर्षं? सांगायला काय झालं होतं?”

“तुला? मटकीत मीठ जास्त पडलंय, हे सांगायची सोय नव्हती मला.”

बाकडं आता फार लांब झालंय. ओळीनं एसटीच्या गाड्या लागल्यात, आणि एकाही गाडीवर गावाच्या नावाची पाटी नाही. सर्जेराव डाव्या हातानं छाती चोळतोय.

“तीन आठवडे दुखत होतं, शालन.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टरकडं जायचं तर तुला सांगायला लागलं असतं. तू पहिलं काय विचारलं असतंस?”

तिला माहीत आहे. काय खाल्लंत, हेच विचारलं असतं.

“म्हटलं, थोडंसंच दुखतंय, जाईल,” सर्जेराव म्हणतो. “पाला खा नाहीतर मटण खा, पण खाल्लेलं घरात सांगता आलं पाहिजे गं.”

“मेल्या माणसा!” शालन आता रडते पण आणि ओरडते पण. “मी भांडले असते. आठ दिवस अबोला धरला असता. पण जिता राहिला असता ना तुम्ही!”

तो पाटीतली भाकरी उचलतो, मोडतो, अर्धी परत ठेवतो आणि गाडीकडं चालायला लागतो.

“कुठं निघाला? माझं बोलणं संपलं नाही अजून! अहो!”

स्वतःच्याच आवाजानं ती जागी होते. सव्वातीन. पंखा तसाच घरघरतोय. ती उठून पाटीवरचं झाकण काढते. एक भाकरी अख्खी आहे, आणि दुसरी अर्धीच. खिडकी लावलेली, दारात ती स्वतः आडवी पडलेली. मांजर शिरायलाही वाट नव्हती. ती ओटा बघते, कोनाडे बघते. उरलेली अर्धी कुठंच नाही.

मग ती फोन घेते.

“आई, भांडायचं असलं तर संध्याकाळी भांड,” सुहास वैतागून म्हणतो. “मी ऑफिसात आहे.”

“भांडत नाही रं. काय खाल्लंस तेपण विचारत नाही.” ती पाटीतल्या अर्ध्या भाकरीकडं बघते. “तुझ्या छातीत दुखतं का?”

पलीकडं खुर्ची सरकते, दार लागल्याचा आवाज येतो.

“सुहास?”

“थोडंसंच,” तो म्हणतो. “पंधरा दिवस झाले.”

“बस तिथंच, हलू नकोस. मी रिक्षा घेऊन आले,” शालन म्हणते, आणि पाटी उघडीच टाकून चपला शोधायला लागते.